विहिरीवरचा टेलिफोन



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय दिला तो ‘नवलाईची इलेक्ट्रॉनिक उपकरणे’ असा. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. वीज म्हणजे काय ते मी शिकलो मोटारी भरण्याच्या दुकानात, जळालेली तांब्याची तार उकलताना. पुढे कामगार संघटनेच्या कामात पडलो आणि आता पन्नाशी उलटली तरी तेच चालू आहे. तेव्हा कापड बाजारातल्या काचेआड मांडलेली उपकरणे, म्हणजे नाडी मोजणारे घड्याळ, हाक मारली की पेटणारा दिवा, घर झाडत फिरणारी थाळी, यांविषयी मी काय सांगणार? ती ज्यांना परवडतात त्यांना दुकानदार सांगेलच. मी एकाच उपकरणाविषयी बोलणार आहे. ते काचेआड दिसत नाही; विहिरीवरच्या पत्र्याच्या पेटीत बसलेले असते, आणि आपल्या जिल्ह्यात त्याच्यावर पुष्कळांची रात्रीची झोप अवलंबून आहे. शेतकरी त्याला ‘मोबाईल स्टार्टर’ म्हणतात.

आधी गरज कशी उत्पन्न झाली ते पाहू. शेतीच्या पंपाला चोवीस तास वीज नसते. आपल्याकडे बरीच वर्षे असा क्रम राहिला की काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री दहा तास थ्री फेज मिळायची. रात्रीची पाळी आली की ऊस-कांद्याला भरणे असलेला माणूस बॅटरी आणि काठी घेऊन दारे धरायला निघायचा. विहीर घरापासून मैल-दीड मैल; वाटेत साप-विंचू, आणि संगमनेर, राहुरी, अकोले या बाजूला उसाच्या फडात बिबट्या. एवढे करून विहिरीवर जावे तो लाईट नाही! परत यावे, तर घराच्या पायरीशी पोचेपर्यंत लाईट आलेली. कारखान्यातल्या रात्रपाळीला निदान भोंगा असतो आणि भत्ता असतो. या रात्रपाळीला दोन्ही नाहीत. ती करणाऱ्याला आपण पाळीवाला म्हणून मोजतही नाही.

यावर पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी उपाय काढला. वयोवृद्ध आजोबांना मोटार चालू करण्यासाठी शेतापर्यंत चालत जावे लागे, हे पाहून ही कल्पना सुचली असे ते सांगतात. त्यांच्या ओसियन अ‍ॅग्रो ऑटोमेशन या कंपनीच्या ‘नॅनो गणेश’ नावाच्या उपकरणाला २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळाले. त्यानंतर अशी उपकरणे करणारे अनेक निघाले आणि आज ती तालुक्याच्या दुकानातूनही मिळतात.

आता ही पेटी काम कशी करते? मोटारीच्या स्टार्टरला दोन बटणे असतात, हिरवे आणि लाल. हिरवे दाबले की आतल्या कॉइलमधून प्रवाह जातो, कॉइल लोहचुंबक बनते, जाड पट्ट्या ओढून घेते आणि तिन्ही फेज मोटारीला जोडल्या जातात. बोट काढले तरी कॉइल स्वतःला धरून ठेवते. लाल दाबले, किंवा लाईट गेली, की चुंबक सुटते आणि मोटार थांबते. जुनी आणि भक्कम रचना आहे. नगरच्या एमआयडीसीत लार्सन अँड टुब्रोचा स्विचगिअरचा कारखाना उभा राहिला, २०२० साली तो धंदा श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला; या सभागृहात बसलेल्यांपैकी काहींची हयात असल्याच कामात गेली असेल. त्यांनी माझ्या सांगण्यात चूक असेल तर निःसंकोच उठून सांगावे.

मोबाईल स्टार्टर करतो काय, तर हिरव्या आणि लाल बटणावर ठेवलेले एक लांबचे बोट होतो. त्याच्या आत सिमकार्ड असते. आपण घरून त्या नंबराला फोन लावतो, पेटी फोन उचलते, आपण एखादा आकडा दाबतो. फोनचा आकडा दाबला की एकदम दोन स्वर वाजतात, एक खर्जातला आणि एक वरचा. एकाच्या आकड्याला सेकंदाला ६९७ आणि १२०९ कंपनांचे, पाचाच्या आकड्याला ७७० आणि १३३६ कंपनांचे. दोन स्वर एकत्र अशासाठी की माणसाच्या बोलण्यात किंवा कुत्र्याच्या भुंकण्यात नेमकी ती जोडी सहसा सापडत नाही. नाहीतर शेजाऱ्याच्या खोकल्याने मोटार चालू झाली असती. पेटीतला चिमुकला तुकडा ही जोडी ओळखतो आणि एका छोट्या रिलेला हुकूम देतो. रिले म्हणजे स्टार्टरच्याच कॉइलचे नातवंड. ते हिरवे बटण दाबल्यासारखी जोडणी करते. मग पेटी आपल्याला आवाजाने कळवते की मोटार चालली की नाही. चांगल्या पेटीत तिन्ही फेज आहेत का आणि विहिरीत पाणी आहे का हेही पाहिले जाते, कारण कोरडी फिरलेली मोटार थोड्याच वेळात आमच्या दुकानात येते.

किती साधी गोष्ट! पण मी एक गृहस्थ असे पाहिले आहेत, की ही पेटी बसवल्यानंतर पहिल्या रात्री ते अंथरुणातून चार वेळा उठून विहिरीकडे कान लावून बसले. पाणी पडल्याचा आवाज कानाने ऐकल्याशिवाय त्यांचा विश्वास बसेना. पाचव्या रात्री मात्र सकाळी सहापर्यंत झोपले.

इथवर कौतुक झाले. आता ज्यासाठी मी उभा राहिलो ते सांगतो.

या पेटीचा एक जुना, अडाणी भाऊ आहे. त्याला ‘ऑटो’ म्हणतात. त्याला फोन लागत नाही. लाईट आली की तो आपण होऊन हिरवे बटण दाबतो. स्वस्त, बिनतक्रार, आणि नव्या पेट्यांतही बहुधा ही सोय घातलेली असते. लाईट केव्हा येईल याचा भरवसा नसलेल्या माणसाला याहून काय हवे? म्हणून एकाने लावला, मग बांधाच्या शेजाऱ्याने लावला, मग त्या डीपीवरच्या सगळ्यांनी लावला.

आता हिशेब करा. पाच हॉर्सपॉवरची मोटार चालू स्थितीत साधारण साडेसात अँपिअर घेते. पण उभी मोटार फिरायला लागताना, बैल जसा रुतलेली गाडी काढताना दम लावतो तशी, पहिली काही सेकंदे सुमारे सहापट घेते, म्हणजे पंचेचाळीस अँपिअर. गावाकडे १०० केव्हीएची डीपी असेल तर तिची ताकद सुमारे १३३ अँपिअर. तिच्यावर १५ मोटारी असल्या तर चालताना ११२ अँपिअर होतात, भागते. माणसे आपापल्या वेळेने, आगेमागे विहिरीवर जाऊन बटण दाबत होती तोवर काही बिघडत नव्हते. परंतु १५ ऑटो एकाच क्षणी बटण दाबतात तेव्हा मागणी होते ६७५ अँपिअरची, म्हणजे डीपीच्या ताकदीच्या पाचपट. दाब कोसळतो. दाब कोसळला की मोटारी वेग घेत नाहीत, आणि वेग घेत नाहीत तोवर जादा प्रवाह ओढतच राहतात. मग फ्यूज उडतो, ते नशीब चांगले असेल तर. फ्यूजच्या जागी कोणी जाड तार बांधलेली असेल तर डीपी तापते, तेल उकळते, एक दिवस जळते. महावितरण शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे सांगत आले आहे की ऑटो काढा आणि मोटारीला कपॅसिटर बसवा. कपॅसिटर मोटारीच्या चुंबकत्वाला लागणारा प्रवाह जागच्या जागी पुरवतो, तेवढा भार तारेवरून आणि डीपीवरून उतरतो.

माझ्या धाकट्या भावाच्या डीपीवर हेच झाले. ऐन एप्रिलात डीपी जळाली. वर्गणी काढून ती ट्रॅक्टरवर घातली, दुसरी मिळेपर्यंत बारा दिवस गेले, कांदा करपला. दुसरी बसली आणि लाईट आल्याबरोबर सगळे ऑटो पुन्हा एकदम खटकले. मी भावाला म्हटले, “तुझा ऑटो काढ.” तो म्हणाला, “दादा, मी एकट्याने काढला तर डीपी वाचणार नाही, फक्त माझे पाणी राहील. बाकीचे चौदा काढतील तेव्हा मीही काढतो.” हे वाक्य मी कारखान्याच्या गेटवर तीस वर्षे ऐकत आलो आहे. तिथे ते संपाच्या वेळी म्हणतात.

त्याला उपाय संघटनेत जो असतो तोच इथे लागू पडला. पंधराही जणांना मारुतीच्या देवळात बसवले. ऑटो काढा असे मी म्हटलेच नाही; ते कोणी ऐकले नसते आणि रात्री विहिरीवर जायचे त्यांना, मला नव्हे. बहुतेकांच्या पेटीत उशीर लावण्याची एक चावी होती, म्हणजे लाईट आल्यावर किती वेळाने बटण दाबायचे ते ठरवता येते. ती चावी दुकानातून आली तशीच सगळ्यांची शून्यावर होती. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्याची मोटार एका मिनिटाने, दुसऱ्याची दोन, असे करत शेवटची पंधराव्या मिनिटाला. पंधरावी चिठ्ठी एका विधवा बाईंना निघाली, त्यांचे क्षेत्र सर्वांत लहान. त्यांनी विचारले, “माझी पंधरा मिनिटे कोण देणार?” प्रश्न रास्त होता. अर्धा तास वाद झाला. शेवटी दर महिन्याला क्रमांक एकाने पुढे सरकवायचे ठरले. ज्या तिघांच्या पेटीला ती चावी नव्हती त्यांच्यासाठी टायमर आणला. त्याचा खर्च कोणी करायचा यावर पुन्हा वाद झाला, तो मी सांगत बसत नाही.

शहरातल्या श्रोत्यांना वाटेल, याचा आमच्याशी काय संबंध? उन्हाळ्यात दुपारी लाईट येते तेव्हा आपल्या गल्लीतले सगळे वातानुकूलक काय करतात याचा विचार करावा.

रेडिओ आपल्या खेड्यात नवलाचा होता तेव्हा १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे घेतली, त्यांत आपला अहमदनगर जिल्हा होता. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीचा कार्यक्रम, तो ऐकायला वीसेक माणसे एका संचाभोवती जमत आणि ऐकून झाल्यावर आपसांत चर्चा करून प्रश्न केंद्राकडे पाठवीत. तेव्हा वीस जणांत एक यंत्र होते म्हणून बसणे भाग होते. आता प्रत्येकाच्या विहिरीवर स्वतंत्र यंत्र आहे. पण तार आणि डीपी सामाईकच राहिली.

घेणाऱ्यांसाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. पेटीतल्या सिमला दरमहा रिचार्ज लागतो. २०१८ च्या अखेरीपासून कंपन्यांनी नुसते येणारे फोन चालू ठेवण्यासाठीही किमान रक्कम लावली, तेव्हा फुकटच्या मिस्ड कॉलवर चालणारी मोटार महाग झाली. जुनी पेटी टू-जी असेल तर आपल्या शिवारात तो सिग्नल कोणत्या कंपनीचा आहे ते आधी पाहावे. आणि पेटी उघडून पाहावी. स्टार्टरची कॉइल मी वीस-वीस वर्षे दुरुस्त केली आहे. पण आतली पाटी काळ्या डांबरासारख्या लुकणात ओतून बंद केलेली असेल, तर ती दुरुस्त करणारा जन्माला यायचा आहे.

जिवाची गोष्ट शेवटी सांगतो. लाल बटण दाबले म्हणजे मोटार बंद झाली, हे आता खरे नाही. नवरा विहिरीवर तारा जोडत असतो आणि घरी मुलगा फोन लावतो. म्हणून हात घालण्यापूर्वी मेन स्विच पाडायचा, तिन्ही किटकॅट उपसायचे आणि ते स्वतःच्या खिशात ठेवायचे, पेटीवर नव्हे. खांबावर चढणाऱ्या वायरमनलाही हेच सांगा. तोही पगारी माणूस आहे, त्याचेही घर आहे.

२०१७ साली जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या पहिल्या प्रयोगांत पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी होते. सूर्याच्या विजेने पंपाला दिवसा पुरवठा करावा, ही तिची कल्पना. जिथे अशी वीज पोचली तिथे रात्रीचे चालणे थांबते. भावाच्या डीपीवर ती अजून आलेली नाही. देवळाच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर या महिन्यात त्याचा क्रमांक नववा आहे.