सागरी नकाशा आणि त्याचें प्रमाण

जमिनीवरून प्रवास करणाऱ्या मनुष्यास नकाशा जवळ नसला तरी फारसें अडत नाहीं. रस्ता समोर दिसत असतो, मैलाचे दगड असतात आणि वाटेंत कोणास विचारतांही येतें. समुद्रावरची गोष्ट निराळी आहे. तेथें पाण्याचा पृष्ठभाग सर्वत्र सारखाच दिसतो. त्याखालीं शंभर वाव खोली आहे कीं हातभर खोलीवर खडक आहे, हें नुसत्या डोळ्यांना कळत नाहीं. म्हणून नाविकाचा सारा भरंवसा नकाशावर असतो. हा नकाशा आतां कागदावरून संगणकाच्या पडद्यावर आला आहे. आंतरराष्ट्रीय सफरींवर जाणाऱ्या बहुतेक मोठ्या जहाजांना इलेक्ट्रॉनिक नकाशा दाखविणारें यंत्र बाळगणें २०१२ ते २०१८ या काळांत टप्प्याटप्प्यानें सक्तीचें झालें. उपग्रहांच्या साहाय्यानें जहाजाचें स्थान या नकाशावर क्षणोक्षणीं आपोआप उमटतें, ही सोय लहान नव्हे. परंतु चिन्हांची गर्दी आणि प्रमाण या नकाशाच्या दोन जुन्या अडचणी त्यामुळें नाहींशा झाल्या नाहींत. त्यांचें रूप मात्र बदललें.

प्रमाण म्हणजे काय, हें एका साध्या हिशेबावरून कळतें. चाळीस लाखांस एक या प्रमाणावर काढलेल्या भारताच्या नकाशांत एक मिलिमीटर म्हणजे चार किलोमीटर. सारें मुंबई बेट त्यांत अर्ध्या सेंटिमीटरांत मावतें. तेथें बंदरांतील खडक, दीपगृहें, तरंगत्या खुणा आणि पाण्याची खोली दाखवूं म्हटलें, तर एकावर एक चिन्ह पडून केवळ काळा डाग होईल. म्हणून कांहीं तरी गाळावें लागतेंच. नकाशा काढणें ही जितकी दाखविण्याची, तितकीच गाळण्याची कला आहे.

कागदी नकाशांत काय गाळावें, हें नकाशाकार ठरवीत असे. प्रत्येक प्रमाणाचा नकाशा तो स्वतंत्र काढी. एका जागेच्या वीस मोजमापांतून एकच आंकडा घालण्यास जागा असली, तर तो सर्वांत उथळ आंकडा निवडी. आणि लहानसाही खडक धोक्याचा असेल, तर त्याचें चिन्ह प्रत्यक्षापेक्षां मोठें करून घाली. असा नकाशा कोठें विरळ आणि कोठें दाट असे, पण त्याच्या विरळपणामागें एका जाणत्या मनुष्याचा विचार असे.

इलेक्ट्रॉनिक नकाशांत हें काम पुष्कळ अंशीं नियमांकडे गेलें आहे. खिशांतील दूरध्वनीवर शहराचा नकाशा पाहणारास याचा अनुभव असतो: नकाशा लहान केला कीं गल्ल्यांचीं नांवें जातात, मग गल्ल्या जातात, शेवटीं मोठे रस्ते तेवढे उरतात. सागरी नकाशांतही पुष्कळशा चिन्हांना एक आंकडा जोडलेला असतो आणि ठराविक प्रमाणाहून नकाशा लहान झाला कीं तें चिन्ह आपोआप लपतें. शिवाय मोठ्या जहाजांवरील यंत्रांत माहितीचे तीन थर केलेले असतात. किनारा आणि जहाजास सुरक्षित अशा खोलीची रेषा पहिल्या थरांत येते व ती पुसतां येत नाहीं. तरंगत्या खुणा आणि निषिद्ध क्षेत्रें दुसऱ्यांत येतात. खोलीचे सुटे आंकडे तिसऱ्यांत असल्यामुळें अधिकाऱ्यानें मागितल्यावांचून ते दिसत नाहींत. ही व्यवस्था निष्कारण केलेली नाहीं. सारेंच एकदम दाखविलें, तर रात्रीच्या पहाऱ्यावरील अधिकाऱ्यास गर्दींत महत्त्वाची खूण सांपडणार नाहीं. मात्र ज्या नियमानें गर्दी हटते, त्याच नियमानें धोकाही दृष्टीआड होऊं शकतो.

याचें ठळक उदाहरण २०१४ सालचें आहे. पृथ्वीप्रदक्षिणेच्या व्हॉल्व्हो शर्यतींतील 'वेस्टास विंड' ही शिडाची नौका केप टाउनहून अबू धाबीकडे जात होती. मॉरिशसच्या ईशान्येस सुमारें ४३० किलोमीटरांवर कारगादोस काराजोस नांवाची प्रवाळांची रांग आहे. तिची लांबी चाळीस किलोमीटरांहून अधिक आहे आणि जुन्या काळापासून ती नाविकांना माहीत आहे. तरीही २९ नोव्हेंबरच्या रात्रीं सुमारें १९ नॉट, म्हणजे ताशीं ३५ किलोमीटर वेगानें ही नौका त्या प्रवाळांवर आदळली. नौकेवर नऊ जण होते. दुसरी एक स्पर्धक नौका मदतीसाठीं जवळ थांबून राहिली आणि नऊही जण वांचले.

ही प्रवाळरांग नकाशांत नव्हती असें नाहीं. नकाशा मोठा करून पाहिला असतां ती स्पष्ट दिसत असे. परंतु नौकेवर तो भाग ज्या लहान प्रमाणावर पाहिला गेला, त्यावर धोका उमटला नव्हता. तेथें कांहीं उंचवटे आहेत, पण त्यांवर चाळीस मीटर तरी पाणी आहे, अशी समजूत झाली होती. एक कोटीस एक इतक्या लहान प्रमाणावरही चाळीस किलोमीटरांची रांग चार मिलिमीटर लांब भरते. म्हणजे जागेची अडचण नव्हती. निवड चुकली होती. मार्च २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र चौकशीच्या अहवालानें दोन्ही बाजूंस दोष दिला: नकाशा पुरेसा मोठा करून न पाहणाऱ्या नाविकांस, आणि लहान प्रमाणावर धोका नीट न दाखविणाऱ्या नकाशासही.

यावरून नकाशा नेहमीं मोठा करून पाहावा, म्हणजे झालें, असें कोणास वाटेल. पण तेथें उलट प्रकारची फसगत आहे. पन्नास हजारांस एक या प्रमाणावर एक मिलिमीटरची चूक म्हणजे पन्नास मीटर. तोच नकाशा पडद्यावर दसपट वाढविला, तर ती चूक एक सेंटिमीटरची होते; कमी होत नाहीं. रेषा तशाच बारीक आणि रेखीव दिसत असल्यामुळें ही गोष्ट लक्षांत येत नाहीं. मूळ मोजणीहून नकाशा अधिक वाढविला, तर मोठ्या जहाजांवरील यंत्र तशी सूचना देतें. मोजणीची प्रतही नकाशांत नोंदलेली असते. उत्तम प्रतीच्या मोजणींत स्थानाची चूक पांच मीटरांच्या आंत धरतात, तर पुष्कळ ठिकाणीं ती पांचशें मीटरांपर्यंत असूं शकते. जुनी मोजणी शिशाचें वजन बांधलेल्या दोरीनें होई. दोरी जेथें टेकली, तेथलीच खोली कळे, दोन टेकण्यांमधील खडक राहून जाई. उपग्रहानें जहाजाचें स्थान कांहीं मीटरांपर्यंत अचूक सांगितलें, तरी शेजारचा खडक पांचशें मीटर चुकीच्या जागीं काढलेला असेल, तर त्या अचूकपणाचा उपयोग काय?

उपाय आहेत, आणि ते कष्टाचे आहेत. निघण्यापूर्वीं सारा मार्ग मोठ्या प्रमाणावर तुकड्यातुकड्यानें तपासावा. मार्गावर धोका आहे कीं काय, हें यंत्राकडूनही पडताळून घ्यावें. पण यंत्रास जहाजाची खरी गरज सांगितलेली असली पाहिजे. १८ सप्टेंबर २०१३ रोजीं डोव्हरच्या सामुद्रधुनींत 'ओव्हिट' हें तेलवाहू जहाज वार्न नांवाच्या वाळूच्या बांधावर चढलें. त्याचा आंखलेला मार्गच त्या बांधावरून जात होता आणि यंत्राची धोक्याची घंटा वाजत नव्हती. जहाज रुतलें आहे, हें पहाऱ्यावरील अधिकाऱ्यास १९ मिनिटांनीं कळलें.

पडद्यावर एखादी जागा मोकळी दिसली, तर तिचे दोन अर्थ संभवतात: तेथें खरोखरच कांहीं नाहीं, किंवा या प्रमाणावर तें दाखविलेलें नाहीं. या दोहोंपैकीं कोणता अर्थ खरा, हें जहाज तेथें पोंचण्यापूर्वीं ठरविणें हें अद्यापि नाविकाचेंच काम आहे.