ससा, बॅटरी आणि कारवानीचं पिल्लू

मागच्या दोन भागांनंतर आलेल्या व्हॉइस मेसेजमध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजात होता. "दादा, कारवानीचं चार महिन्यांचं पिल्लू आणलंय. रात्री सशाला लावायचं कसं शिकवू?" कुणी लासलगावकडून, कुणी येवल्याकडून, आणि दोन-तीन तर आमच्या विंचूरचेच. तर आजचा भाग त्यावरच. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिहून टाकलंय. बोलल्यासारखंच ठेवलंय, सांभाळून घ्या.

आधी उत्तर देतो, मग कारणं. सशाला लावायला मी शिकवणार नाही. पण त्या पिल्लाला पळायला, थांबायला आणि रात्री मळ्यात तुमच्यासोबत शहाण्यासारखं राहायला नक्की शिकवता येतं, आणि ते शिकार शिकवण्यापेक्षा अवघड काम आहे. शिकार तर त्याच्या रक्तातच आहे हो, ती शिकवायची गरजच नसते.

कायद्याचं बोलून घेऊ, कारण पोरांना वाटतं सशाला कोण विचारतंय. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यात रानातला ससा संरक्षित प्राणी आहे. २०२२ च्या दुरुस्तीत परिशिष्टांची सगळी फेरमांडणी झाली, तरी ससा काही मोकळा सुटला नाही. आणि बारकावा हा, की या कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, सापळा लावणं, वाघूर लावणं, हाकून काढणं, कुत्रा मागे लावून पळवणं, यातल्या कशाचाही प्रयत्न केला तरी ती शिकारच. म्हणजे "आम्ही मारला नाही, नुसता पळवला" हे सांगून सुटका नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गाडी आणि हत्यारं जप्त होतात ते वेगळंच. रील टाकणाऱ्यांनी तर लक्षातच ठेवा, स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच अपलोड करताय तुम्ही.

आपल्या भागात अजून एक धोका आहे. शेजारच्या येवला तालुक्यात ममदापूर-राजापूरकडे काळवीट आहेत. रात्री मोकळ्या सोडलेल्या कुत्र्याला ससा कोणता आणि काळविटाचं पाडस कोणतं, हे कळत नाही. पुढे पळतंय ना, बस. काळवीट पहिल्या परिशिष्टात येतं, तिथं किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं. पिल्लाच्या एका धावेसाठी केवढी किंमत!

आता कुत्र्याकडे येऊ, माझा आवडता विषय. कारवानी हे नाव कारवान, म्हणजे काफिल्यावरून आलं असं सांगतात. मराठवाडा, सोलापूर, सांगली हा त्याचा जुना मुलूख. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात मुधोळला त्यालाच मुधोळ हाउंड म्हणतात. मालोजीराव घोरपड्यांनी तिथं ही जात जोपासली. २००५ साली टपाल खात्यानं भारतीय कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात एक मुधोळचं होतं. भरगच्च केसांचा पश्मी हाही त्याचा भाऊबंदच.

हा कुत्रा नाकानं नाही, डोळ्यानं शिकार करतो. लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यात नजरेच्या पेशी आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात. त्यामुळे क्षितिजाजवळ जरा काही हललं की यांना दिसतं. आपल्याला साधारण १८० अंशांतलं दिसतं, कुत्र्याला सुमारे २५०. म्हणून हा दिवसाउजेडी, मोकळ्या माळावर खेळणारा खेळाडू. रात्री काय होतं? कुत्र्याच्या डोळ्यात मागे चमकणारा पडदा असतो, त्यामुळे मंद उजेडात त्याला आपल्यापेक्षा बरं दिसतं. पण तुम्ही बॅटरी मारली की ससाही दिपतो आणि कुत्राही. झोत हलला की क्षणभर त्याला पुढचं काहीच दिसत नाही, आणि त्याच क्षणी तो पूर्ण वेगात असतो.

आणि आपलं शिवार म्हणजे काय मोकळं माळरान आहे का? निफाड तालुका हा. द्राक्षबागांचे लोखंडी अँगल, त्यांच्या तारा, कडेचं काटेरी कुंपण, कुठं झटका मशीन. कठडा नसलेल्या विहिरी. पण सगळ्यात वाईट म्हणजे शेततळं. त्याला प्लास्टिकचा कागद असतो, ओला झाला की काचेसारखा. कुत्रा आत पडला की पोहतो, कडेला येतो, नखं घसरतात, परत आत. दमेपर्यंत हेच. आमच्या वस्तीपलीकडच्या एका पोराचा दीड वर्षाचा कारवानी असाच गेला. ससा काठावरून वळला, हा वळू शकला नाही. सकाळी पोरगं काठावर बसलेलं होतं, कुणाशी बोलत नव्हतं. तुमच्या शेततळ्यात गाठी मारलेला जाड दोर नाहीतर एकमेकांना बांधलेले जुने टायर काठापासून पाण्यापर्यंत सोडून ठेवा. कुत्राच काय, माणूसही वर येतो त्याला धरून. कुत्रा पाळत नसाल तरी एवढं करा.

बिबट्याचं सांगायला नको. गोदावरी-कादवेच्या काठचा ऊस ही त्याची राहण्याची जागा, आणि कुत्रं हे त्याचं आवडतं खाणं. कोवळं पिल्लू एकटं रात्री बांधाबांधानं फिरतंय म्हणजे ताट वाढून ठेवल्यासारखं.

बरं, मग शिकवायचं काय? दोनच गोष्टी, पण पक्क्या. हाक मारली की येणं, आणि धरलेलं सोडणं.

चार महिन्यांचं पिल्लू असेल तर आजपासून सुरू करा. दहा मीटरचा हलका दोर पट्ट्याला बांधा, साखळी नको. पिल्लू दुसरीकडे बघत असताना नाव घ्या, एकदाच. आलं की लगेच भाकरीचा तुकडा, नाहीतर उकडलेल्या अंड्याचा. नाही आलं तर ओरडू नका, दोर हळू ओढत जवळ आणा आणि तरीही खाऊ द्या. नाव घेऊन बोलावलं आणि मग मारलं, असं एकदा जरी झालं तरी महिन्याची मेहनत पाण्यात जाते. त्याच्या डोक्यात हिशेब सोपा असतो, हाक म्हणजे मार. आपल्याकडे नव्वद टक्के लोक इथंच बिघडवतात. (नव्वद हा माझा अंदाज हं, मोजायला कुणी गेलं नाही.)

घरात जमलं की अंगणात, मग मळ्यात, मग कोंबड्या-शेळ्या समोर असताना. घाई करू नका. दोर सुटण्याआधी सहा-आठ महिने गेले तरी चालतील.

पळण्याची भूक भागवायला पाच फुटांची काठी घ्या, टोकाला दोर, दोराला चिंधी. चिंधी जमिनीलगत फिरवा, मध्येच दिशा बदला, ससा बदलतो तशी. पिल्लू वेडं होतं. दोन-तीन मिनिटांत थांबवा, अजून हवंहवंसं वाटत असतानाच. चिंधी तोंडात आली की "सोड" म्हणा, नाकाजवळ खाऊ धरा, सोडलं की खाऊ द्या आणि चिंधी पुन्हा पळवा. म्हणजे सोडलं की खेळ संपत नाही, सुरू होतो, हे त्याला कळतं. पाहणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, मारणं, अशी ही साखळी असते. पाठलागापर्यंतची मजा तुमच्या हातातल्या काठीला बांधली की कुत्रा मजेसाठी तुमच्याकडे बघतो. तीच मजा त्यानं एकदा रानात स्वतः मिळवली, की तुमच्या अंड्याच्या तुकड्याला कोण विचारतो!

पण वर्ष-सव्वा वर्षाचा होईपर्यंत पूर्ण वेगानं लांब पळवू नका, मोटारसायकलमागे तर अजिबात नाही. हाडांची टोकं अजून वाढत असतात. आणि काही लोक पाळीव पांढरा ससा आणून पिल्लापुढे सोडतात, "तालीम" म्हणून. तो क्रूरपणाच आहे, १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात बसणारा. शिवाय तो ससा वेगळा, रानातला वेगळा. रानातला बीळ करत नाही, उघड्यावर गवतात दबून बसतो. त्याची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात, आणि धोका आला की हलत नाहीत. मोकळ्या कुत्र्याच्या तोंडी आधी जातात ती हीच.

रात्रीचं काम शिकवायचंच असेल तर राखणीचं शिकवा. कांद्याची चाळ, शेळ्यांचा गोठा. दोरावर घेऊन रोज एकाच वाटेनं फेरी, गळ्यात चमकणारा पट्टा आणि घुंगरू. फेरी झाली की पिल्लू आत, दार बंद. नवीन रोपांची साल ससे कुरतडतात ही तक्रार खरी आहे, पण त्याला बुंध्याभोवती जाळी गुंडाळणं किंवा बांधावर जुन्या साड्या लावणं हा उपाय स्वस्त पडतो.

राहिलं लसीकरण. सहा-आठ आठवड्यांपासून पार्वो-डिस्टेंपरचे डोस, तीन महिन्यांचं झालं की रेबीज, मग डॉक्टर सांगतील तसा बूस्टर. ज्यांनी पिल्लू आणलंय आणि अजून रेबीजची सुई दिलेली नाही, त्यांनी हा भाग इथंच थांबवून आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची वेळ विचारून घ्या. दोराचे आणि काठीचे व्हिडिओ मला पाठवा, पिल्लू कुठं अडतंय ते बघून पुढच्या भागात बोलू.