कवयित्री आणि अध्यापिका : इंदिरा संत

दिवसभर फळ्यापुढें उभें राहणाऱ्याच्या अंगीं काव्य कोठून उरणार, असें पुष्कळांस वाटतें. हा समज किती पोकळ आहे, हें बेळगांवच्या इंदिराबाई संत यांच्या चरित्रावरून दिसून येतें.

इंदिराबाई माहेरच्या दीक्षित. ४ जानेवारी १९१४ रोजीं विजापूर जिल्ह्यांतील इंडी येथें त्यांचा जन्म झाला. कोल्हापूर व पुणें येथें त्यांचें शिक्षण झालें आणि ना. मा. संत यांच्याशीं विवाह झाला. पतीही लेखक; 'सहवास' हा पहिला संग्रह दोघांच्या कवितांचा मिळून निघाला. परंतु १९४६ सालीं संत निवर्तले. बाईंचें वय तेव्हां बत्तीस, पदरीं तीन मुलें.

त्या काळीं आपल्या घरांतून अशा स्त्रीच्या वाट्यास काय येत असे, हें वाचकांस सांगावयास नको. स्वयंपाकघराचा कोपरा आणि दुसऱ्याच्या उपकाराचा घास! इंदिराबाईंस विद्येनें तारलें. बेळगांवांत भावी शिक्षकांस घडविणाऱ्या अध्यापन-विद्यालयांत त्यांनीं शिकविलें व पुढें प्राचार्यपदही भूषविलें. त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांच्या कथांतला 'लंपन' तर पुष्कळ मराठी घरांत आपलासा झालेला आहे.

भवभूतीनें 'उत्तररामचरितां'त रामाच्या शोकास पुटपाकाची उपमा दिली आहे. बंद पात्रांत औषध आंतल्या आंत शिजतें. बाहेर कांहीं दिसत नाहीं. १९५१ च्या 'शेला'पासून 'मेंदी', 'मृगजळ', 'रंगबावरी' या संग्रहांतील बाईंची विरहकविता याच जातीची आहे. तींत आक्रोश नाहीं; पाऊस, सांज, दारचें झाड यांच्या आडून दुःख बोलतें.

पण त्यांची दृष्टि स्वतःच्या दुःखापाशींच अडून राहिली नाहीं. 'गवतफुला' ही त्यांची बालकविता शाळांतील मुलांच्या तोंडीं बसली. आणि जात्यावर दळतांना अनाम बायांनीं गाइलेल्या ओव्या त्यांनीं 'मालनगाथे'ंत जपून ठेविल्या. 'गर्भरेशीम' या संग्रहास १९८४ चें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. १९९५ सालीं आमच्या नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननें जनस्थान पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला. १३ जुलै २००० रोजीं त्यांचें निधन झालें.

आपल्याही घरीं एखादी सून रात्रीं सर्व आवरून वही उघडून बसत असेल. तिला हांक मारण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं क्षणभर थांबावें, इतकेंच सुचवावेंसें वाटतें.