कणमय द्रव्यांचे कंपनजन्य चलन
वाळू, धान्य, खत, औषधी चूर्णे यांसारख्या सुट्या घन कणांच्या राशीस कणमय द्रव्य म्हणतात. ऊष्मीय ऊर्जा अशा कणांना हलविण्यास अगदीच अपुरी असते. म्हणून बाहेरून धक्का मिळेपर्यंत राशी आहे तशीच राहते. धक्के मिळू लागले, की ती कधी द्रवाप्रमाणे वाहते, तर कधी अधिक घट्ट बसते. पायली हलवून भरल्यास तीत अधिक धान्य मावते, हे शेतकऱ्याला पूर्वीपासून ठाऊक आहे; शास्त्रीय अभ्यास मात्र उशिरा सुरू झाला.

कंप पावणाऱ्या पट्टिकेवर जाड वाळू निस्पंद रेषांवर जमते, पण बारीक चूर्ण सर्वाधिक कंपनाच्या जागी ढीग करते. मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये पट्टिकेभोवतालची हवा काढून घेतली, तेव्हा चूर्णही निस्पंद रेषांकडे गेले. यावरून हे ढीग हवेच्या प्रवाहांमुळे होतात, हे सिद्ध झाले.

आधुनिक प्रयोगांत कणांचे पात्र विद्युत् चुंबकीय कंपकावर ठेवतात. कंपनाचा महत्तम प्रवेग गुरुत्वीय प्रवेगापेक्षा जास्त झाला, म्हणजे थर तळापासून उचलला जातो. खरी अडचण निराळीच आहे : राशी अपारदर्शक असल्याने आतील हालचाल दिसत नाही. काही संशोधकांनी रंगविलेल्या मण्यांचा थर मागोव्यासाठी वापरला. शिकागो येथे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खसखस वापरण्यात आली. तिच्यातील तेलामुळे चुंबकीय अनुस्पंदनाने प्रतिमा मिळते. कण मध्यभागी सावकाश वर चढतात व भिंतीलगतच्या अरुंद पट्ट्यातून खाली उतरतात, असे तीत दिसले.

मिश्रण हलविल्यास मोठे कण वर का येतात, हा यातील सर्वांत वादाचा प्रश्न होय. मोठ्या कणाखालील पोकळीत लहान कण घसरतात, असे १९८७ मधील संगणकीय प्रतिरूपावरून मांडण्यात आले. १९९३ च्या प्रयोगांनी वरील अभिसरणास कारण ठरविले. वर आलेला मोठा कण भिंतीलगतच्या अरुंद प्रवाहात शिरू शकत नाही. दोन्ही क्रिया परिस्थितीनुसार घडतात, असे मानणे अधिक योग्य वाटते. कारण कणाची घनता आणि कणांमधील हवेचा दाब बदलल्यास वर येण्याचा वेग बदलतो, असे २००१ मध्ये आढळले. मँचेस्टर येथे २०२१ मध्ये क्ष-किरण प्रतिमांवरून लांबट ब्राझील नट आडवे असता फारसे सरकत नाही, उभे वळल्यावरच वर चढते, असे दिसून आले.

औषधनिर्मितीत हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. नीट मिसळलेले चूर्ण यंत्राच्या कंपनाने पुन्हा विलग झाले, तर एकाच घाणीतील गोळ्यांत औषधाची मात्रा कमीजास्त होते.