मनीचा म्हातारचळ

ज्या घरात मांजर बारा-पंधरा वर्षे टिकते, त्या घरातल्या मंडळींकडे तिच्या तऱ्हेवाईकपणाचे किस्से हमखास असतात. रात्री दोन वाजता ती स्वयंपाकघरात उभी राहून गळा काढते. नुकतीच जेवलेली असली तरी पुन्हा ताटलीपाशी येऊन बसते. जन्मभर मातीच्या टोपल्यात जाणारी आता टोपल्याशेजारी फरशीवरच घाण करते. नळाखाली बसून थेंब चाटत राहते. पाठीवरून हात फिरवला की पूर्वी घुरघुरणारी, आता एकदम फिस्कारते. घरातले हसतात आणि म्हणतात, ‘‘मनीला म्हातारचळ लागलाय!’’

शब्द गमतीदार आहे, पण तो या वागण्याचे कारण सांगत नाही. वागण्याला नुसते नाव देतो. एखाद्या मुलाला ‘ढ’ म्हटले, की त्याला फळा नीट दिसतो का, हे पाहायचे राहून जाते. मांजराचेही तसेच होते. म्हातारपण हा काही रोग नव्हे. मात्र म्हातारपणी होणारे अनेक रोग पहिल्यांदा दिसतात ते सवयींमधल्या बदलांतून. त्यांतल्या काहींवर चांगले उपचार आहेत. म्हणून या सवयी जरा बारकाईने पाहू.

वयाचा हिशेब

ढोबळ हिशेब असा, की मांजराचे पहिले वर्ष माणसाच्या १५ वर्षांइतके, दुसऱ्याअखेर ते २४ वर्षांचे आणि त्यापुढचे प्रत्येक वर्ष सुमारे ४ वर्षांइतके. म्हणजे १५ वर्षांची मनी आपल्या ७६ वर्षांच्या आजीच्या वयाची झाली. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातली क्रीम पफ नावाची मांजरी १९६७ ते २००५ अशी ३८ वर्षे जगली आणि तिची नोंद गिनेस बुकात झाली. पण हा अपवाद. नीट सांभाळलेली घरातली मांजरे साधारण १२ ते १८ वर्षे जगतात.

एक कारण, अनेक सवयी

२००२ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधील संशोधकांनी बारा वर्षांपेक्षा मोठ्या १०० मांजरांच्या क्ष-किरण प्रतिमा तपासल्या. त्यांपैकी ९० मांजरांच्या सांध्यांत झिजेच्या खुणा होत्या. मग इतकी मांजरे लंगडताना का दिसत नाहीत? लंगडणे म्हणजे दुखऱ्या पायावरचा भार चांगल्या पायावर टाकणे. मांजरात बहुधा दोन्ही बाजूंचे सांधे झिजतात. भार टाकायला चांगला पायच उरत नाही, त्यामुळे मांजर लंगडण्याऐवजी हालचालीच कमी करते.

दुसरे असे, की मांजर जसे शिकारी आहे तसेच मोठ्या प्राण्यांची शिकारही आहे. निसर्गात दुबळेपणा उघड करणे परवडत नाही. त्यामुळे दुखणे लपवण्याची वृत्ती त्याच्यात मुरली असावी, असे मानतात.

सांधे दुखतात एवढे गृहीत धरून वरच्या सवयींकडे पुन्हा पाहा. टोपल्याची कड उंच आहे आणि पाय उचलायला दुखते, म्हणून घाण शेजारी होते. कंबर वळत नाही, म्हणून पाठीचा मागचा भाग चाटून साफ करता येत नाही आणि तिथे केसांच्या गुठळ्या होतात. पाठीवर हात पडला की कळ येते, म्हणून फिस्कारणे. दाराच्या चौकटीवर नखे घासणे कमी होते, म्हणून नखे जाड होतात, वाढतात आणि फरशीवर टिकटिक वाजतात. कधी कधी ती वळून तळव्याच्या गादीत रुततातही. वेगवेगळ्या वाटणाऱ्या चार सवयींचे मूळ एकच निघाले. अनेक निरीक्षणांना एका कारणाने बांधणे हे विज्ञानाचे नेहमीचेच काम.

एक सवय, अनेक कारणे

याच्या उलटही घडते. मनी खूप पाणी पिऊ लागली, हे एकच निरीक्षण घ्या. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया व आफ्रिकेतल्या कोरड्या प्रदेशातले रानमांजर. त्याला बरेचसे पाणी शिकारीच्या मांसातूनच मिळे. त्यामुळे मांजराची मूत्रपिंडे अतिशय घट्ट लघवी तयार करून पाणी वाचवतात. उतारवयात मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्या हळूहळू निकामी होतात. सुमारे दोन-तृतीयांश गेल्या तरी उरलेल्या काम निभावतात आणि बाहेर काही दिसत नाही. त्यानंतर मात्र लघवी पातळ होते, पाणी वाया जाऊ लागते आणि ते भरून काढायला मांजर पाणी पीत राहते.

इथे कार्यकारणाची दिशा नीट पाहायला हवी. ‘फार पाणी पिते म्हणून फार लघवी करते’ असे समजून काही जण पाण्याचे भांडेच उचलून ठेवतात. प्रत्यक्षात पाणी बाहेर जाते म्हणून ती पिते. तिचे पाणी तोडणे म्हणजे आजारी प्राण्याला कोरडे पाडणे होय. मात्र मूत्रपिंडाखेरीज मधुमेहातही तहान वाढते आणि थायरॉइड ग्रंथी बेफाम काम करू लागली तरीही वाढते. यांतले नेमके काय, ते रक्त आणि लघवी तपासूनच कळते.

थायरॉइडचे हे दुखणे मांजरांमध्ये पहिल्यांदा नोंदले गेले ते १९७९ साली, न्यूयॉर्कमध्ये. यात शरीराची भट्टी जोरात पेटते. मांजर अधाशासारखे खाते आणि तरी वाळत जाते, अस्वस्थ होते, रात्री ओरडते. घरातल्यांना वाटते, ‘‘या वयातही काय भूक आहे!’’ खरे तर भूक चांगली आणि वजन उतरते, ही जोडी धोक्याची आहे.

रात्रीच्या ओरडण्याला आणखीही कारणे असतात. ऐकू कमी आले की स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही. रक्तदाब वाढून डोळ्यांच्या पडद्याला इजा झाली तर मांजर अचानक आंधळे होते आणि बावरते. मेंदूचीही झीज होते. माणसाच्या अल्झायमर रोगात मेंदूत साचणारे बीटा-अमायलॉइड हे प्रथिन म्हाताऱ्या मांजरांच्या मेंदूतही सापडते. २०२५ साली एडिंबरा येथील संशोधकांनी हे प्रथिन मांजरांच्या मेंदूपेशींच्या जोडांमध्ये साचलेले दाखवले. म्हणजे ‘जेवल्याचे विसरली’ ही घरगुती शंका अगदीच पोकळ नाही. पण हा निष्कर्ष शेवटी काढायचा. आधी थायरॉइड, रक्तदाब, डोळे, कान आणि दुखणे तपासून बाजूला सारावे लागते.

प्रत्येक विचित्र सवयीमागे रोगच असतो असेही नाही. चुलीपाशी, दुचाकीच्या तापलेल्या सीटवर किंवा उन्हाच्या कवडशात जाऊन झोपणे हे निव्वळ मांजरपण आहे. अंगातली उष्णता टिकवायला जादा शक्ती खर्चावी न लागणे, ही स्थिती मांजराला सुमारे ३० ते ३८ अंश सेल्सिअस तापमानात मिळते. आपल्याला जे उकडते ते तिला सुखाचे वाटते. म्हातारपणी मांस आणि चरबी कमी झाल्यावर ही ओढ वाढते, एवढेच.

मोजून पाहा

‘वाटते’ आणि ‘आहे’ यांतला फरक मोजमापाने कळतो. मनीला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, मग एकट्याचे वजन करून वजा करा. महिन्यातून एकदा हे वहीत टिपावे. काटा निदान १०० ग्रॅमपर्यंतचा फरक दाखवणारा हवा. ४ किलोच्या मांजराचे वजन ४०० ग्रॅमने घटले तर फारसे वाटत नाही. पण ही घट १० टक्के झाली, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ६ किलो उतरण्यासारखे.

पाण्यासाठी दोन सारखी भांडी घ्या आणि दोन्हींत मोजून पाणी भरा. एक मनीपुढे ठेवा, दुसरे त्याच खोलीत पण तिला पोचता येणार नाही असे ठेवा. २४ तासांनी दोन्हींतले उरलेले पाणी मोजा. त्या दिवशी तिला दुसरीकडे, नळाखाली किंवा बादलीत, तोंड घालता येऊ नये. निरोगी मांजर दिवसाला शरीराच्या दर किलोमागे सहसा ५० मिलिलिटरच्या आतच पाणी पिते. ४ किलोच्या मांजराने रोज २०० मिलिलिटरहून जास्त पाणी प्यायले, तर डॉक्टरांना दाखवावे.

वेदनासुद्धा काही अंशी मोजता येते. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठाच्या गटाने २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक श्रेणी प्रसिद्ध केली. कानांची ठेवण, डोळे मिटलेले की उघडे, नाकातोंडाभोवतीचा ताण, मिशांची दिशा आणि डोक्याची पातळी या पाच गोष्टींना प्रत्येकी ०, १ किंवा २ गुण द्यायचे. ती मुख्यतः ताज्या, तीव्र दुखण्यासाठी आहे. पण मांजराकडे पाहायचे कसे, हे तिच्यातून चांगले शिकता येते.

एक इशारा

मनीला दुखते आहे हे कळल्यावर घरातली पॅरासिटामॉलची गोळी तिला कधीही देऊ नये. आपले यकृत या औषधाला एका साखरेसारख्या रेणूशी जोडून निरुपद्रवी करते. त्यासाठी लागणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराचे जनुक मांजरात निकामी झालेले आहे. त्यामुळे औषधातून तयार होणारे विषारी द्रव्य रक्तातल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करते आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. एक गोळीही जीवघेणी ठरू शकते. मांजरांना चालणारी वेदनाशामके वेगळी आहेत. ती पशुवैद्यांच्या सल्ल्यानेच द्यावीत.

घरी करण्यासारखे मात्र पुष्कळ आहे. एका बाजूने कड कापलेले टोपले, आवडत्या जागेखाली एखादा पाट, दोन-तीन ठिकाणी पाणी, रात्री एक मंद दिवा, उबदार गोधडी, आणि नखे वेळच्या वेळी कापणे. यांतल्या बऱ्याच गोष्टींना खर्च जवळपास नाही.

वर्गासाठी

ज्यांच्या घरी वयस्क मांजर किंवा कुत्रा आहे, अशा विद्यार्थ्यांना एका आठवड्याची नोंदवही ठेवायला सांगा. एका रकान्यात फक्त काय दिसले ते लिहायचे, दुसऱ्यात त्याची निदान तीन संभाव्य कारणे, तिसऱ्यात ती तपासायची कशी ते. ‘म्हातारपण’ हे उत्तर दुसऱ्या रकान्यात चालणार नाही, असा नियम करावा. आणि पाण्याच्या प्रयोगात ते दुसरे भांडे कशासाठी ठेवले, हे मुलांना आधी सांगू नका; त्यांनाच विचारा.