चेन ताणण्याआधी

खंबाटकी घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल सोडला की सीटखालून ‘ठक्’. वळण संपवून पुन्हा किंचित पीळ दिला की परत ‘ठक्’. माझ्या एका सिलिंडरच्या स्पोर्ट बाईकला हा आवाज सुरू झाला, तेव्हा गॅरेजमध्ये बाईक स्टँडला लावायच्या आतच निदान झालं: चेन ढिली आहे, ताणून देतो. चेन ताणली. आठ दिवस आवाज कमी वाटला, मग होता तसाच. पुन्हा ताणली. तिसऱ्या वेळी बाईक घरी आणली, पॅडॉक स्टँडवर चढवली आणि ठरवलं, की एकेक सांधा हाताने तपासल्याशिवाय आता पाना उचलायचा नाही.

इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाते ती सांध्यांच्या एका रांगेतून. क्रँकशाफ्टवरचा गिअर क्लचला फिरवतो, क्लच गिअरबॉक्सच्या शाफ्टला फिरवतो. तिथले गिअर शेजारच्या गिअरला ‘डॉग’ म्हणजे बाजूला काढलेल्या जाड ठोकळ्यांनी पकडतात. पुढे छोटं स्प्रॉकेट, चेन, मागचं मोठं स्प्रॉकेट, हबमधले रबर आणि शेवटी चाक. यांतल्या बहुतेक सांध्यांत थोडा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, असतो आणि तो लागतोच. डॉगला खाचेत शिरायला मोकळी जागा नसेल तर गिअर पडणारच नाही. थ्रॉटल उघडा असताना हे सगळे भाग एका अंगाला टेकलेले असतात. तो सोडला की उलट चाकच इंजिनाला ओढू लागतं, आणि प्रत्येक भाग मधली मोकळी जागा ओलांडून दुसऱ्या अंगाला आपटतो. आपल्याला ऐकू येतो तो या सगळ्या आपटण्यांचा एकत्र आवाज. म्हणून प्रश्न ‘प्ले आहे का’ हा नाही; ‘कुठल्या सांध्यात किती आहे’ हा आहे.

हात लावण्याआधी कान लावावा. थ्रॉटल उघडता-मिटताना एकदाच येणारा ठोका प्लेचा. ठरावीक अंतराने येणारा असेल तर वेग बघा. ११४ कड्यांची चेन आणि मागे ४३ दाती स्प्रॉकेट असेल, तर चेनची एक फेरी होते तेव्हा चाकाच्या अडीचहून जास्त फेऱ्या झालेल्या असतात, म्हणजे बाईक सुमारे ५ मीटर पुढे गेलेली असते. ताशी १८ किलोमीटरला सेकंदाला एकदा ‘टक्’ येत असेल, तर एखादं कडं जाम झालंय. त्याहून भरभर, चाकाच्या प्रत्येक फेरीला येत असेल, तर मागचं स्प्रॉकेट किंवा चाकाचं बेअरिंग पाहावं. आणि फक्त ब्रेक मारल्यावर येणारा ‘खट्’ बहुधा हँडलखालच्या बॉल रेसरचा किंवा ब्रेक कॅलिपरचा असतो. त्यासाठी चेनच्या मागे लागू नये.

आता हाताची तपासणी. इंजिन बंद हवं आणि किल्ली काढलेली हवी. चालू इंजिनावर चेनजवळ बोट नेऊ नका, पुसण्यासाठीसुद्धा नाही. बोट स्प्रॉकेटमध्ये जायला क्षण पुरतो. पहिला गिअर टाकून मागचं चाक पुढे-मागे हलवलं आणि दोन्ही टोकांना टायरवर खडूने खूण केली. दोन खुणांमध्ये अंतर भरलं साडेपाच सेंटिमीटर. हा एकूण प्ले. त्याची वाटणी करायची होती.

सुरुवात चेनपासून केली, कारण आरोप तिच्यावर होता. खालच्या पट्टीच्या मधोमध बोटाने वर-खाली करून पाहिलं तर हालचाल जेमतेम २० मिलिमीटर, आणि मॅन्युअलमध्ये ३० ते ३५. म्हणजे दोनदा ताणून ती गरजेपेक्षा घट्ट झाली होती. इथे थोडा हिशेब मांडला आणि डोळे उघडले. दोन स्प्रॉकेटच्या केंद्रांत साधारण ५५ सेंटिमीटर अंतर असेल, तर चेनचा झोल ३० वरून ६० मिलिमीटर झाला तरी टायरवर प्ले वाढतो जेमतेम ७ मिलिमीटर. लोंबणारी चेन डोळ्यांना फार दिसते, पण चाकाच्या धक्क्यात तिचा वाटा एवढाच. तसा झोल बरा नव्हे, ती स्विंगआर्मवर आपटते आणि फारच सैल झाली तर उतरते. पण घट्ट चेनचं नुकसान जास्त महाग पडतं. माणूस बसला, खड्डा आला, स्विंगआर्म वर गेला की चेन आणखी ताणली जाते आणि तो सगळा ओढा गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर येतो. म्हणून झोल चाक फिरवून चार-पाच ठिकाणी बघावा आणि जिथे चेन सगळ्यांत घट्ट लागते, तिथे माप धरावं.

झिजलेली चेन वेगळी. ५२० मापाच्या नव्या चेनच्या २० पिच, म्हणजे २१ पिना, ताणून मोजल्या तर ३१७.५ मिलिमीटर भरतात. ३१९ च्या पुढे गेली की चेन सेट बदलायची तयारी करावी. माझी ३१८ भरली.

मग न्यूट्रल केलं, मागचा ब्रेक पुतण्याला पायाने दाबून धरायला सांगितला आणि मोठं स्प्रॉकेट दोन्ही हातांनी पुढे-मागे फिरवलं. चाक जागच्या जागी आणि स्प्रॉकेट मात्र दातांपाशी ६ मिलिमीटर मोकळं हललं; त्यानंतर कुठे रबर हाताला लागला. ब्रेक धरलेला, गिअर न्यूट्रल, म्हणजे हा प्ले हबमधलाच. टायरवर तोच होतो १७ मिलिमीटर. चांगले हब रबर असतील तर स्प्रॉकेट मोकळं हलत नाही, हात लावताक्षणी दाबाने विरोध करतं. चाक काढल्यावर रबर दिसले ते कडांनी चुरलेले, आणि खाचांत काळी भुकटी. काही जण त्या फटीत सायकलच्या ट्यूबचे तुकडे भरतात. घरी पोहोचेपर्यंत ठीक आहे, पण ते लवकर चुरतात. मी नवे रबर टाकले.

पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हरही उघडावं. ते शाफ्टवर बाजूबाजूला किंचित सरकणं अनेक बाईकवर नेहमीचंच असतं. पण शाफ्टच्या खाचांवर गोल फिरण्याच्या दिशेने हलत असेल किंवा दात आकड्यासारखे वाकले असतील तर बदलावं.

आणि सगळं नीट असूनही धक्का येत असेल तर थ्रॉटलची केबल पाहावी. मुठीला मोकळी फिरक जास्त असेल तर हात आधी पोकळीत फिरतो आणि मग पेट्रोल एकदम सुरू होतं. फ्युएल इंजेक्शनमध्ये बाईक वेगात असताना थ्रॉटल पूर्ण मिटला की इंजेक्टर बहुधा पेट्रोल बंद करतो. पुन्हा उघडताना येणारी ताकद झटक्याने आली की तीच मोकळी जागा जोराने ओलांडली जाते. त्यातून एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो, त्यामुळे वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर रेंगाळलात तर प्रत्येक ठोका चेनपर्यंत जाणवतो. एक गिअर उतरवला की बराच फरक पडतो.

नवे रबर बसवून, चेन मॅन्युअलप्रमाणे ३५ वर सैल करून, मी खडूच्या खुणा पुन्हा काढल्या. चार सेंटिमीटर. हा उरलेला प्ले मुख्यतः गिअरबॉक्समधल्या डॉगांचा, आणि तो तसाच राहणार. दुसऱ्या रविवारी घाट उतरलो तेव्हा थ्रॉटल सोडल्यावर ‘ठक्’ऐवजी पायाखाली एक मऊ, बारीक ढकल लागली.