दट्ट्याशिवाय चालणारे एंजिन

जालना जिल्ह्यात विहिरीचे पाणी उपसणारे डिझेल एंजिन तुम्ही पाहिले असेल. त्यात दट्ट्या वर-खाली होतो व भुजादंड त्याची गती चक्राकार करतो. दट्ट्या दर फेरीत दोनदा थांबून उलटतो. म्हणून एंजिन हादरते. मग मुळातच गोल फिरणारे एंजिन का करू नये?

जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांचे असे एंजिन १९५७ मध्ये प्रथम चालले. कमरेशी दबलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा त्रिकोणी घूर्णक फिरतो. त्याची टोके भिंतीला टेकलेली असल्याने तीन कप्पे होतात. प्रत्येक कप्पा फिरता फिरता मोठा-लहान होतो. त्यातच इंधन व हवा येते, दाबली जाते, ठिणगीने पेटते आणि धूर बाहेर पडतो. झडपा लागत नाहीत. मुख्य दांड्याच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट मिळतो. चार धावांच्या एका सिलिंडरात तो दोन फेऱ्यांतून एकदाच मिळतो. म्हणून हे एंजिन लहान, हलके, तरी जोरदार असते.

परंतु टोकांवरील पट्ट्या झिजून वायू गळतो. कप्पा लांबट असल्याने इंधन पुरते जळत नाही व जास्त लागते. त्यामुळे मोटारींत ते फारसे रुजले नाही.

विमानात मात्र वजन महत्त्वाचे. अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) वाहन संशोधन व विकास आस्थापनेने इतर संस्थांसह बनवलेल्या ५५ अश्वशक्तीच्या वांकेल एंजिनावर ‘निशांत’ हे वैमानिकरहित विमान २००९ मध्ये उडाले. विहिरीवर इंधनाची बचत हवी, आकाशात हलकेपणा. काम पाहूनच एंजिन निवडावे लागते.